रेसमध्ये पडल्यावर: पाय आधी परत येतात, हाड नंतर

घोळक्यात ताशी ४० किलोमीटरने सायकल चालवताना आपण सेकंदाला ११ मीटर पुढे जात असतो. पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक यांत अंतर जेमतेम हातभर. समोर काहीतरी घडलं हे डोळ्यांना कळून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत अर्धा सेकंद धरला, तरी तेवढ्यात साडेपाच मीटर रस्ता मागे पडलेला असतो. हा हिशेब जुळणारा नाहीच. तरीही सगळे एकमेकांना चिकटून चालवतात, कारण या वेगाला पायांची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि कुणाच्या आडोशाला राहिलं की त्यातला साधारण तिसरा हिस्सा वाचतो. मुंबई-पुण्यासारखी जुनी रेस असो नाहीतर एखाद्या क्लबची रविवारची, पुढे राहायचं तर आडोसा घ्यावा लागतो. आणि आडोसा घेणारा कधी ना कधी पडतो.

पडण्याची सगळ्यात ठरलेली तऱ्हा म्हणजे चाकाला चाक लागणं. सायकल उजवीकडे कलली की आपण नकळत हँडल उजवीकडे वळवतो, चाकं पुन्हा अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. ही सावरासावर सतत चालू असते, फक्त जाणवत नाही. आता आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूने थोडं आत शिरलंय आणि तो खड्डा चुकवायला सरकला, तर चाकं एकमेकांना घासतात. आपल्याला हँडल ज्या बाजूला वळवायचं असतं, नेमकं तिथेच त्याचं चाक अडसर होऊन उभं असतं. तोल सावरायचं एकमेव साधनच गेलं. पुढच्याला मात्र नुसता धक्का जाणवतो, कारण त्याचं वळणारं चाक पुढे मोकळं असतं. त्यामुळे चूक कुणाचीही असो, जमिनीवर येतो तो मागचा, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे चार.

दोन वेग

पडताना शरीराला दोन वेग असतात. ते वेगवेगळे धरले की जखमा समजायला सोप्या जातात. एक पुढे जाण्याचा, ताशी ४० चा. दुसरा खाली पडण्याचा. सॅडलवर बसलेल्या माणसाचा खांदा जमिनीपासून मीटरभराहून वर असतो, आणि मीटरभरावरून पडलेली कुठलीही वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी साधारण १६ किलोमीटर असतो. रेस ४० ने चालली असो की २० ने, हा दुसरा वेग तोच. हाडं मोडतात ती मुख्यतः या खाली आपटण्याने. कातडी जाते ती पुढे घसरण्याने.

म्हणूनच सिग्नलला थांबताना पेडलला खटक्याने अडकवलेला बूट न सुटल्यामुळे जागच्या जागी कोसळलेल्याचंही मनगट मोडू शकतं, आणि मोकळ्या रस्त्यावर ५० ने घसरत गेलेला कधीकधी नुसता सोलवटून उठतो. पुढचा वेग हाडांवर येतो तो आडवं काही आलं तर: दुभाजक, विजेचा खांब, कडेला उभा ट्रक. हौशी रेसच्या आयोजकांनी वळणावरच्या खांबांना गाद्या किंवा गवताच्या पेंढ्या बांधल्यात का, हे मी तरी टी-शर्ट आणि मेडलच्या आधी बघतो.

कॉलरबोन आणि मनगट

सायकलवाल्यांचं ठरलेलं हाड म्हणजे कॉलरबोन. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत गेलेलं हे वळणदार हाड म्हणजे हात आणि धड यांच्यातला एकमेव हाडाचा दुवा. हात टेकल्यामुळे ते मोडतं असं जो तो सांगतो, पण बहुतेक वेळा माणूस थेट खांद्यावर आपटलेला असतो. मोडतं ते बहुधा मधल्या भागात, कारण तिथे ते सगळ्यात बारीक असतं आणि त्याला आधार द्यायला लिगामेंटही नसतात. टोकं फारशी सरकली नसतील तर स्लिंगमध्ये हात ठेवून भागतं. टोकं एकमेकांवर चढली असतील किंवा तुकडे झाले असतील तर प्लेट आणि स्क्रू. प्लेट बसली की काम झालं असं वाटतं, पण प्लेट नुसती धरून ठेवते. भरून यायचं काम हाडालाच करावं लागतं.

ते काम कसं होतं? मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ भराव तयार होतो. सहा ते बारा आठवड्यांत त्याचं कडक हाड होतं, आणि त्यापुढे कित्येक महिने शरीर त्याला घासूनपुसून मूळ आकारावर आणत राहतं. दुखणं मात्र या वेळापत्रकाची वाट बघत नाही. ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच एवढं उतरतं की माणसाला वाटतं, झालं आपलं. स्लॅब टाकल्यावर दोन दिवसांत त्यावरून चालता येतं, म्हणून कुणी खालचं सेंटरिंग काढत नाही. कॉलरबोनच्या बाबतीत चौथ्या आठवड्यात घोळक्यात उतरणारा नेमकं तेच करत असतो. त्या हाडावर पुन्हा पडलं, तर प्लेट वाकते, स्क्रू उखडतात आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा किचकट होतं. रस्त्यावर परतायची तारीख दुखण्यावरून ठरवायची नाही. ती एक्स-रे आणि हाडांचे डॉक्टर ठरवतात.

मनगटाचं एक हाड वेगळं सांगायला हवं, कारण ते फसवतं. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन ताठ दोऱ्यांच्या मधे एक खळगा दिसतो. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. त्याला रक्त मिळतं ते बोटांकडच्या टोकातून, उलट्या दिशेने, त्यामुळे मधे चीर गेली तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड सांधतच नाही. शिवाय पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसत नाही. पडल्यावर त्या खळग्यात बोट दाबून कळ आली, तर “मुरगळलंय, तेल लावू” म्हणून सोडू नये. डॉक्टर मनगट बांधून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, नाहीतर सरळ एमआरआय करतात. एप्रिल २०२३ मध्ये बेल्जियममधल्या लिएज-बास्तोन-लिएज रेसमध्ये पडून स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचारचं मोडलं ते हेच हाड, शेजारच्या आणखी एका हाडासकट.

सोललेली कातडी

रेसच्या तंबूत सगळ्यात जास्त दिसते ती हीच जखम: मांडीचा बाहेरचा भाग, कोपर, खांद्याची कड. वरचाच थर गेला असतो, म्हणून ती जीवघेणी नसते, पण वेदनेच्या नसा उघड्या पडलेल्या असल्याने खोल जखमेपेक्षा जास्त झोंबते. पहिलं काम स्वच्छतेचं. नळाखाली बसून, साधा साबण लावून, ओल्या गॉझने घासून आतली खडी आणि डांबराचा कच काढायचा. डोळ्यांतून पाणी येतं. तरीही हे त्याच दिवशी करावं लागतं, कारण राहिलेला कच कातडीखाली काळा डाग होऊन गोंदणासारखा कायमचा बसतो. स्वतःला जमत नसेल तर दवाखान्यात बधिर करून करतात.

त्यानंतर घरोघरी वाद होतो. आजी म्हणणार हळद भर, शेजारचे काका म्हणणार उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे. पण १९६२ मध्येच इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेली जखम वाळू दिलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. नव्या पेशी कडेकडून ओल्या पृष्ठभागावर सरकत येतात. खपली असली तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. म्हणून व्हॅसलीन गॉझ किंवा केमिस्टकडे मिळणारी जेलसारखी चिकट पट्टी. कोरडा कापूस नको, तो नव्या कातडीसकट निघतो. सायकलवाले पायांवरचे केस का काढतात, असं घरचे चेष्टेने विचारतात. त्याचं एक खरं उत्तर पट्टी काढताना मिळतं.

धनुर्वाताचं इंजेक्शन विसरायचं नाही. जखमेत माती गेली असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. लाली पसरत चालली, पू आला, ताप चढला तर घरगुती उपाय तिथेच थांबवायचे.

डोकं

इथे सावकाश जाऊ, कारण हौशी रेसमध्ये सगळ्यात जास्त हलगर्जी इथेच होते. मेंदूला हादरा बसायला डोकं फुटावं लागत नाही, आणि बहुतेक वेळा शुद्धही जात नाही. सीटी स्कॅनही स्वच्छ येतो, कारण तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दाखवतो, पेशींच्या कामात झालेला गोंधळ दाखवत नाही. माणूस उठतो, बोलतो, सायकलही चालवतो.

२०१७ च्या टूर ऑफ कॅलिफोर्नियामध्ये लॅटव्हियाचा टॉम्स स्कुइन्श उतारावर पडला. उठला तो झोकांड्या खात, रस्ता ओलांडताना मागून भरधाव येणाऱ्या सायकलींच्या मधोमध गेला, आणि तशातच पुन्हा सॅडलवर बसला. थोड्या वेळाने त्याला थांबवलं गेलं. २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये फ्रान्सच्या रोमँ बार्देने तर पडल्यावर पूर्ण टप्पा संपवला, आणि हादऱ्याचं निदान संध्याकाळी झालं. त्याच वर्षाच्या शेवटी यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने हादऱ्यासाठी वेगळी नियमावली जाहीर केली. व्यावसायिक संघांच्या मागे डॉक्टरांची गाडी असते, तरी हे घडलं. आपल्या रेसमध्ये मागे असतो तो पाण्याचा टेम्पो.

तेव्हा तपासायचं काम सोबतच्यांनी करायचं. आत्ता कुठल्या रेसमध्ये आहेस, किती फेऱ्या झाल्या, इथे कुणाबरोबर आलास, असे साधे प्रश्न विचारायचे. उत्तर अडखळलं, नजर हरवलेली वाटली, तोच तोच प्रश्न तो पुन्हा विचारू लागला, तर रेस संपली. त्याला विचारायचं नाही, सायकल काढून घ्यायची. उलट्या होणं, डोकेदुखी वाढत जाणं, झोप अनावर होणं, झटका येणं, हात-पाय लुळा पडणं किंवा दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं एकही दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलात. तिथे अपघाताची केस म्हणून पोलिसांकडे नोंद करतील, त्याला घाबरायचं कारण नाही.

पूर्वी हादऱ्यानंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहा असं सांगत. आता तसं नाही. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने सांगितलं ते असं: पहिले एक-दोन दिवस आराम, पण चालणं-फिरणं चालू, मग हलका व्यायाम, मग एकेक पायरी वर, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. डोकेदुखी, गरगरणं स्पष्ट वाढलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. पुन्हा डोकं आपटण्याचा धोका जिथे आहे तिथे, म्हणजे घोळक्यात, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय जायचं नाही. घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पाय फिरवण्यापासून घोळक्यापर्यंतचं हे अंतर कापायला काहींना दहा दिवस लागतात, काहींना महिनाही पुरत नाही.

आणि हेल्मेट टाकून द्यायचं. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. तो दबतो तेव्हा आघाताचा वेळ लांबतो, आणि तेवढ्यानेच कवटी वाचते. दबलेला फोम परत फुगत नाही, बाहेरून तडा दिसो वा न दिसो. व्यावसायिक रेसमध्ये हेल्मेटची सक्ती २००३ मध्ये आली, तीही त्या वर्षी पॅरिस-नीस रेसमध्ये पडून कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह गेला त्यानंतर.

आणखी एक, थोडक्यात. हँडलचं टोक पोटात घुसलं असेल आणि काही तासांनी पोट कडक वाटू लागलं, चक्कर आली, किंवा मार न लागलेल्या डाव्या खांद्याच्या टोकाला दुखू लागलं, तर ते प्लीहेतून रक्त जात असल्याचं लक्षण असू शकतं. बरगड्यांना मार बसून श्वास लागत असेल तर फुप्फुस तपासायचं. या दोन्हींत “सकाळी बघू” चालत नाही.

सायकलही पडलेली असते

तिच्याकडे बघताना रंगावरचे ओरखडे सोडा. कार्बनची फ्रेम, फोर्क आणि हँडल जाणकाराकडून तपासून घ्या. नाण्याने टकटक केल्यावर एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आतले थर सुटलेले असू शकतात. चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढणं सोपं. दुर्लक्ष होतं ते मागच्या गिअरच्या हँगरकडे, म्हणजे चेन सरकवणारा डिरेलर ज्याला लटकतो त्या तुकड्याकडे. सायकल उजव्या बाजूवर पडली की हा छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा आत वाकतो. सपाटीवर काही कळत नाही. पहिल्याच चढावर सगळ्यात मोठ्या चक्रावर गिअर टाकला की डिरेलर चाकाच्या तारांत जातो, आणि दुसऱ्यांदा पडायला निमित्त मिळतं.

पाय किती लवकर जातात?

पडलेल्या माणसाला खरी चिंता असते ती फिटनेसची, आणि तीच सगळ्यात अनाठायी असते. १९८४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं कसून सराव करणाऱ्या ७ जणांचा सराव पूर्ण थांबवून मोजमापं घेतली. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, म्हणजे व्हीओटू मॅक्स, पहिल्या तीन आठवड्यांत साधारण ७ टक्क्यांनी घसरला, ५६ व्या दिवसापर्यंत १६ टक्क्यांनी, आणि तिथे स्थिरावला. आठ आठवडे काहीच न करता १६ टक्के. कॉलरबोन मोडलेला माणूस तर काहीच करत नाही असंही नसतं.

सुरुवातीची घसरण मुख्यतः रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे होते. रक्त कमी म्हणून एका ठोक्यात कमी रक्त फेकलं जातं, म्हणून तेवढ्याच ताकदीला हृदयाचे ठोके जास्त लागतात. पहिल्या दिवशी ट्रेनरवर बसल्यावर घड्याळातला आकडा बघून धसका बसतो तो यामुळे. हे पाणी एक-दोन आठवड्यांच्या हलक्या सरावाने परत येतं. म्हणून परतल्या परतल्या एफटीपीची, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणाऱ्या ताकदीची, टेस्ट घेण्यात अर्थ नाही. वाईट आकडा येतो आणि माणूस तो भरून काढायला जोर लावतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की स्लिंगमधला हात तसाच ठेवून, ताठ बसून, हँडलवर वजन न टाकता ट्रेनरवर अर्धा तास पाय फिरवता येतात. समोर पंखा हवाच, घामाने पट्टी सुटते. बोलता येईल एवढाच जोर. वेदनाशामक गोळी खाऊन सराव करायचा नाही, कारण थांबायचं कधी हे सांगणारं दुखणं हेच एक साधन असतं. आणि या काळात वजन वाढेल म्हणून जेवण तोडू नका. हाड बांधायला शरीराला खाणं लागतं, प्रथिनं लागतात. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, ते आपल्याकडे उन्हात राहणाऱ्यांचंही कमी निघतं. तंबाखू, सिगारेट हाड भरण्याचा वेग सरळ कमी करते. शिवाय नुसतं सायकलिंग करणाऱ्यांची हाडं, विशेषतः कण्याची, विरळ असलेली आढळतात, कारण सॅडलवर बसून हाडांवर भार पडत नाही. बरं झाल्यावर जिममध्ये स्क्वॉट्स करायचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग ते कसे परततात?

४ एप्रिल २०२४ ला स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या रेसमध्ये डेन्मार्कचा योनास विंगेगोर उतारावर पडला. कॉलरबोन, बरगड्या, फुप्फुसाला इजा, १२ दिवस हॉस्पिटल. २९ जूनला तो टूर द फ्रान्सच्या सुरुवातीला हजर होता, एक टप्पा जिंकला आणि एकूणात दुसरा आला. २००३ मध्ये अमेरिकेचा टायलर हॅमिल्टन टूरच्या पहिल्याच टप्प्यात पडला, कॉलरबोनला चीर गेलेली असताना चालवत राहिला, एक टप्पा जिंकला, चौथा आला. ही गोष्ट ग्रुपवर कुणी ना कुणी फॉरवर्ड करतोच. पुढचं फॉरवर्ड करत नाही: हॅमिल्टनवर नंतर रक्ताच्या डोपिंगसाठी बंदी आली आणि २०११ मध्ये त्याने डोपिंगची कबुली दिली. विंगेगोरची गोष्ट स्वच्छ धरली तरी त्याच्या दिमतीला दिवसभर फिजिओ होते, आणि तो बरा होण्याचाच पगार घेत होता. ज्याला सोमवारी लॅपटॉप उघडायचा असतो, मुलांना बसपर्यंत सोडायचं असतं, त्या माणसाने त्या तारखा आपल्याला लावू नयेत.

घोळक्यात पुन्हा

हाड भरलं, पाय आले, तरी एक गोष्ट मागे राहते. उतारावर बोटं आपोआप ब्रेकवर जातात, बाजूला कुणी आलं की खांदे आवळतात. ही भीती खोटी नाही. पण आवळलेले खांदे सायकलला सावरू देत नाहीत, आणि अचानक ब्रेक मारणारा माणूस घोळक्यात सगळ्यांत धोकादायक. तेव्हा ती मोडायची ती थोडी थोडी. आधी एकट्याने ओळखीच्या रस्त्यावर, सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत. मग विश्वासातल्या दोघा-तिघांबरोबर, अंतर मोठं ठेवून, खड्डा आला की हात दाखवून आणि ओरडून. पुढच्याच्या चाकाकडे टक लावून न बघता त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं.

कोच लोक एक सराव गवताच्या मैदानावर घेतात. दोघांनी चालण्याच्या वेगाने शेजारी शेजारी चालवायचं आणि खांद्याला खांदा मुद्दाम लावायचा, कोपराने ढकलायचं. मग एक जण पुढे गेला की दुसऱ्याने आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला हलकेच टेकवायचं. पहिल्यांदा पडायला होतं, गवतावर लागत नाही. काही वेळाने लक्षात येतं की चाक लागल्या क्षणी दचकून उलट बाजूला ओढलं तर पडतो, आणि त्याच चाकावर किंचित कलून हलकेच सुटलं तर वाचतो. हे आधीच शिकवलं जायला हवं, पण आपल्याकडे बहुतेकांना ते एकदा पडल्यावरच शिकावंसं वाटतं.

परतल्यावरची पहिली रेस क्रायटेरियम नको. छोटी फेरी, दर मिनिटाला वळण, आणि शेपटीला राहिलं की प्रत्येक वळणावर ब्रेक आणि पुन्हा स्प्रिंट. सिंहगडासारखी चढाईची रेस निवडावी. दहा-पंधराच्या वेगाने जाताना आडोशाचा फारसा उपयोग नसतो, म्हणून कुणी कुणाला चिकटत नाही, आणि आठवडे गमावलेले पाय नेमके कुठे आहेत तेही कळतं. पावसाळ्यात उतारावर शेवाळ असतं, वरून गाड्या येत असतात. सायकल टेम्पोत टाकून खाली आलात तरी निकालात वेळ लागते ती चढाईचीच.